ठासणीच्या बंदुकीची नळी पाण्याने का धुतात?

नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची ती ठासणीची बंदूक. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी हिचाच उल्लेख आहे. (बिबट्यावर ती चालवायला मात्र त्यातून मुभा मिळत नाही, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.)

तिची काळी दारू सोरा, गंधक आणि कोळशाची. जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो. काही धुरात जातो, बाकीचा नळीत चिकटतो. त्यातले क्षार ओलावा ओढतात, त्यामुळे आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकसारख्या गावी ऐन पावसाळ्यात नळी रातोरात गंज धरू शकते. नुसते तेल फासून भागत नाही. तेलात क्षार विरघळत नाहीत, उलट त्याखाली झाकले जातात.

आधी बंदूक रिकामी आहे का ते पाहावे. गज तळापर्यंत सोडून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी. मग ती खूण तोंडाशीच धरून गज बाहेरून नळीला लावावा. टोक कानाच्या भोकाच्या बरेच अलीकडे थांबले, तर आत बार आहे. परवानाधारक कारागिरालाच बोलवावे. रिकामी असेल तर कढत पाण्याने धुवावी, म्हणजे ऊबेने लवकर वाळतेही. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुसावी, मग तेलाचा पातळ हात. पुढच्या वेळी भरण्यापूर्वी तेल पुसायचे राहिले, तर दारू तेलकट होऊन बार फुसका जातो.