लंडनची वाट कुठून जाते?

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की ही वाट दिसते. पण त्या दोऱ्यावरून तंतोतंत प्रवास क्वचितच कुणाला घडला असेल. वाट ठरवली ती इंधनाने, समुद्राने आणि मधल्या देशांच्या मर्जीने.

शिडाची जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालत, तेव्हा या प्रवासाला चार-सहा महिने लागत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि हजारो मैलांचा फेरा वाचला. गोलमेज परिषदेसाठी निघालेले गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत ‘राजपुताना’ बोटीवर चढले, मार्सेलिसला उतरले आणि पुढचा प्रवास करून १२ सप्टेंबरला लंडनमध्ये पोचले. म्हणजे दोन आठवडे. त्या काळी हा वेगच मानला जाई.

विमाने तोवर सुरू झाली होती, पण त्यांची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. क्रॉयडनहून विमानाने बाझेल, तिथून चक्क आगगाडीने जिनोआ, मग उडत्या बोटीने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया आणि पुढे इराक, इराणचा किनारा धरत कराची. सगळे मिळून सात दिवस! आगगाडीचा तुकडा मध्ये घुसला तो हवाई परवानगीच्या भांडणामुळे. पुढे इराणनेही आपला किनारा बंद केला. मग १९३२ मध्ये वाट आखाताच्या दुसऱ्या तीरावर सरकली आणि शारजाच्या वाळूत प्रवाशांच्या मुक्कामासाठी गढीवजा विश्रामगृह उभे राहिले.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी ‘पस मॉथ’ हे छोटे विमान टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरवले. मुंबई या वाटेला जोडली गेली ती अशी, पत्रांच्या पिशव्यांनी.

माणसांसाठी भारतीय विमानाने थेट लंडन गाठायला १९४८ उजाडले. ८ जूनच्या रात्री एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले. कैरो आणि जिनिव्हाला थांबून १० जूनला पहाटे लंडनला उतरले. एकेरी तिकीट १,७२० रुपये. त्या काळात ती चैनच!

१९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरात गेला. गंमत अशी, की वेग आजही जवळपास तिथेच आहे. त्यानंतरची खरी बचत झाली ती थांबे गळाल्यामुळे. टाक्या मोठ्या झाल्या, इंजिने कमी इंधन पिऊ लागली आणि कैरो, जिनिव्हा ही नावे वेळापत्रकातून उडाली. आता लंडनला जाताना दहा तासांच्या आसपास लागतात; परतीला पश्चिमेकडचे वारे पाठीशी असल्याने सहसा त्याहून कमी.

परवानगीचे राजकारण मात्र १९२९ इतकेच ताजे आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून युरोपला निघालेली त्यांची विमाने आधी दक्षिणेला, अरबी समुद्राकडे वळू लागली.