राम दिसतोय, सीता गेली!

दातिवऱ्यात टीव्ही आला आणि कौलांवर अँटेना उगवल्या. दिसायला थेट सुरमईचा काटा! कावळेही फसायचे. मुंबईला दूरदर्शन १९७२ सालीच सुरू झालं म्हणा; पण आमच्याकडे खरा अवतार १९८७ चा. २५ जानेवारीला ‘रामायण’ लागलं आणि रविवारी साडेनऊला अख्खी आळी एकाच ओटीवर. मी शिडीवर, काटा धरून. खालून आजी ओरडायची, "राम दिसतोय रे, सीता गेली!" रावणाच्याही आधी! काटा दक्षिणेला, वरळीच्या मनोऱ्याकडे वळवला की सीता परत. तेवढ्यात वीज जायची. मग आजी उत्तरेला हात जोडायची. तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ पासूनचं ना! मला वरून दिसायचा सुना किनारा, आणि राखणीला कुणी नाही म्हणून वलांडीवरच्या बोंबलांवर ताव मारणारे तेच कावळे. रामायण मी नुसतं ऐकलं.