व्हिएतनामहून परतलेला काळा सैनिक

युद्ध संपले की सैनिकही त्यातून सुटला, असे इतिहासाची पुस्तके धरून चालतात. व्हिएतनामहून परतलेल्या काळ्या सैनिकांनी हे खोटे ठरवले आहे. १९७२ मध्ये ‘दलित पँथर’ने ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरच्या पिढीतलीच ही पोरे.

डेट्रॉइटचा ड्वाइट जॉन्सन घ्या. जानेवारी १९६८ मध्ये डाक टोजवळ त्याच्या जुन्या सोबत्यांचा रणगाडा त्याच्या डोळ्यांदेखत पेटला. तो पिसाटला, एकट्याने शत्रूवर तुटून पडला. शेवटी त्याला आवरायला मॉर्फिन टोचावे लागले. या पिसाटपणाला व्यवस्थेने शौर्य म्हटले आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते ‘मेडल ऑफ ऑनर’ दिले. पदकापूर्वी त्याला साधी नोकरी मिळत नव्हती. पदक मिळताच सैन्याने त्याला भरतीच्या प्रचाराला जुंपले. ज्या आगीत आपण होरपळलो, तिच्यात वस्तीतली दुसरी पोरे लोटायची! १९७० मध्ये तो पोटदुखीची तक्रार घेऊन लष्करी इस्पितळात गेला. दुखणे मनाचे निघाले. रजेवर घरी आला तो परत गेलाच नाही. ३० एप्रिल १९७१ रोजी डेट्रॉइटमध्येच एका दुकानात, दरोड्याच्या प्रयत्नात, दुकानदाराच्या गोळीने मेला. वय २३.

या दुखण्याला तेव्हा वैद्यकशास्त्रात नावही नव्हते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९५२ साली असलेली तीव्र ताणाची नोंद १९६८ च्या आवृत्तीतून गाळली गेली होती, तीही ऐन युद्धात. १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये परतलेले सैनिक आणि रॉबर्ट लिफ्टन, हाइम शॅटन हे तज्ज्ञ एकत्र बसून बोलू लागले. डॉक्टर वर, रोगी खाली ही उतरंड तिथे नव्हती. त्या रेट्यातून १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकाराला मान्यता मिळाली.

१९९० च्या राष्ट्रीय पाहणीत हा विकार काळ्या पुरुष सैनिकांत २०.६ टक्के, तर गोऱ्या व इतर सैनिकांत १३.७ टक्के आढळला. काळ्यांचे मनच दुबळे, असा अर्थ कोणी काढू नये. प्रत्यक्ष लढाईचा भार हिशेबात घेतला की हे अंतर बरेच घटते. आघाडीवर कोणाला धाडले, हा खरा प्रश्न. १९६६ पासून मॅकनमारा यांच्या योजनेने चाचणीत एरवी नापास ठरणारे ३.५ लाखांवर तरुण सैन्यात घेतले. त्यांत सुमारे ४० टक्के काळे होते.

परतताना सेवामुक्तीच्या कागदावर ठपका येण्याचे प्रमाणही काळ्यांतच जास्त होते, आणि तसा कागद हाती पडलेल्याला माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळाचे दार बहुधा बंद असे.