संगणकाची पेटी आणि तिचा धनी

बेलापूरच्या जुन्या किल्ल्याजवळ, पनवेल खाडीच्या कांठीं, दिवाळे नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. होडीची एखादी फळी कुजली म्हणून कोळी सबंध होडी टाकून देत नाहीं. तो फळी बदलतो, सांधे भरतो, वल्ह्याच्या जोडीला यंत्र बसवितो, आणि त्याच होडींतून पुन्हां खाडींत उतरतो. वस्तु जुनी होणें आणि ती निकामी होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें अशा गांवाला निराळें शिकवावें लागत नाहीं. या गांवाच्या भोंवतीं जें नवें शहर उठलें, त्याच्या घराघरांत विसाव्या शतकाच्या अखेरीस एक यंत्र आलें आणि त्याच्याविषयीं हाच प्रश्न उभा राहिला. तें यंत्र म्हणजे घरगुती संगणक.

सन १९७७ मध्यें अमेरिकेंत ‘ॲपल टू’ नांवाचा संगणक विक्रीस आला. त्याचें झाकण कोणत्याहि हत्यारावांचून नुसत्या हातानें उचलतां येई, आणि आंत आठ मोकळे स्लॉट, म्हणजे नवे भाग खोंचण्याच्या खांचा, दृष्टीस पडत. पुढें १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्यांत असे पांच स्लॉट होते. शिवाय जलद गणितासाठीं लागणाऱ्या जादा चिपेकरितां एक सॉकेट मुद्दाम रिकामें ठेवलें होतें. यांत औदार्य शोधण्याचें कारण नाहीं. कंपनीला घाई होती. सुमारें वर्षभरांत यंत्र सिद्ध करावयाचें म्हणून तिनें बहुतेक भाग बाहेरच्या कारखानदारांकडून घेतले, आणि इतरांना जोडभाग बनवितां यावेत म्हणून आंतील मंडलांचे नकाशे पुस्तकरूपानें विकले. परिणाम असा झाला कीं, तेच भाग आणून तसेंच यंत्र कोणालाहि जुळवितां येऊं लागलें. यंत्राला जागें करणारा ‘बायॉस’ नांवाचा प्रोग्राम तेवढा कंपनीच्या हक्काचा होता. १९८४ पर्यंत त्यालाहि कायदेशीर पर्याय निघाला, आणि त्या पेटीला एकच एक धनी उरला नाहीं.

भारतांत आय. बी. एम.नें १९७८ मध्येंच आपला व्यवहार आवरला होता. परदेशी यंत्रांवर जकात जबर असे. नोव्हेंबर १९८४ मध्यें राजीव गांधींच्या सरकारनें नवें संगणक-धोरण जाहीर केल्यावर आयात सुलभ होऊं लागली. तरी नामांकित कंपनीचा पुरा संगणक मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आटोक्याबाहेरच राहिला. त्यानें धरलेली वाट मुंबईंतील ग्रँट रोड स्टेशनाजवळून जात होती. तेथील लॅमिंग्टन रोडला १९०३ ते १९०७ या काळांत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव मिळालें होतें. पुढें त्याचें अधिकृत नांव डॉ. भडकमकर मार्ग झालें; गिऱ्हाइकाच्या तोंडीं मात्र जुनेंच राहिलें. रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या या रस्त्यावर संगणकाचेहि भाग मिळूं लागले, आणि ‘असेंबल्ड पी. सी.’ हा शब्द मराठी घरांत रुळला.

नव्या मुंबईला हा रस्ता जवळ आला तो रेल्वेमुळें. १९७० मध्यें स्थापन झालेल्या सिडकोनें दिवाळ्यासारख्या गांवांच्या परिसरांतील जमिनी संपादन करून शहर आंखलें खरें, पण खाडीवरून रेल्वे वाशीपर्यंत आली ती १९९२ मध्यें आणि बेलापूरपर्यंत १९९३ मध्यें. त्यानंतर बोरीबंदर एकाच गाडीच्या टप्प्यांत आलें. ऑगस्ट १९९५ मध्यें ‘विंडोज ९५’ निघालें. कागदावर त्याला चार मेगाबाइट रॅम पुरे होती, प्रत्यक्षांत आठांवांचून तें रखडे. यंत्र नवें घ्यावें कीं असलेलें वाढवावें, हा विचार मग घरोघरीं सुरू झाला.

वाढविण्याचें हें काम वाटतें तितकें गूढ नव्हतें, पण त्याचे कांहीं कडक नियम होते. वीजपुरवठ्याच्या तारांच्या दोन जुड्या मदरबोर्डावर शेजारीशेजारीं लावाव्या लागत, आणि त्याहि अशा कीं दोहोंच्या काळ्या तारा मध्यभागीं एकमेकींस लागून येतील. जुड्यांची अदलाबदल झाली कीं बोर्ड जळण्याची धास्ती. ३८६ आणि ४८६ जातींच्या अनेक बोर्डांवर रॅमच्या तीस पिनांच्या पट्ट्या चारचारांच्या संचानेंच बसवीत, कारण प्रोसेसर एका दमांत बत्तीस बिट वाचणार आणि एक पट्टी आठच बिट देणार. तीन पट्ट्या घेऊन आलेल्याला चौथीसाठीं पुन्हां गाडी पकडावी लागे! नवी मोठी हार्ड डिस्क आणावी तर जुना बायॉस ५०४ मेगाबाइटांपलीकडे मोजावयास तयार नसे. मग वेगळ्या प्रोग्रामानें त्याची समजूत घालावी लागे. खाडीकांठच्या खारट, दमट हवेंत पट्ट्यांचे संपर्क मळत, आणि चांगलें चालतें यंत्र एके दिवशीं मुकाट बसे. त्यावर उपाय शाळकरी मुलाच्या दप्तरांत सांपडे: पट्टी काढावयाची, तिची कड खोडरबरानें हलकेंच घासावयाची आणि पुन्हां बसवावयाची. घड्याळासाठीं बोर्डावर बसविलेली लहानशी बॅटरी मात्र खरी वैरीण. ती जुनी झाली कीं पाझरे, आणि तिचा क्षार भोंवतालच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकी. झाकण उघडून वेळींच पाहणाऱ्याचाच बोर्ड वांचे.

कंपन्यांना हें मोकळेपण मानवलें असें नाहीं. ॲपलनेंच १९८४ मध्यें काढलेल्या मॅकिंटॉशमध्यें एकहि स्लॉट नव्हता, आणि त्याची पेटी उघडावयास लांब दांड्याचें खास हत्यार लागे. १९८७ मध्यें आय. बी. एम.नें नव्या यंत्रांत स्लॉटांची निराळी रचना आणून तिच्यावर परवान्याचें कुलूप घातलें. तेव्हां पुढच्या वर्षीं नऊ प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं एकत्र येऊन स्वतःची रचना पुढें केली. त्या वेळीं कुलूप टिकलें नाहीं.

नंतरचें कुलूप अधिक चतुर निघालें. यंत्र पातळ करण्याच्या हौसेपायीं रॅम बोर्डालाच सोल्डर होऊं लागली. २००८ च्या मॅकबुक एअरमध्यें ती तशीच होती. गिऱ्हाइकाला हलकेपणा आवडला, हेंहि खरें. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें समिति नेमली. परंतु आतां अडसर पेटीच्या झाकणांतच असतो असें नाहीं. ‘विंडोज १०’ चें नेहमीचें साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि ‘विंडोज ११’ ठराविक प्रोसेसरांचीच यादी मान्य करतें. इंटेलच्या सहाव्या पिढीचा, सन २०१५ मधला प्रोसेसर असलेला संगणक मालकानें सोळा गिगाबाइट रॅम आणि नवी एस. एस. डी. घालून कितीहि चपळ केला, तरी तो त्या यादींत बसत नाहीं. अशा यंत्रावर लिनक्स मात्र आजहि चढवितां येतें. त्यासाठीं एक पेन ड्राइव्ह आणि एक मोकळी दुपार पुरते.