ख्रिस्ती धर्मशास्त्र, युद्ध आणि प्रायश्चित्त

सन २९५, मार्च महिन्याची १२ तारीख. रोमन साम्राज्याच्या उत्तर आफ्रिकेंतील मुलखांत, आज आल्जीरिया देशांत मोडणाऱ्या तेबेस्सा गांवीं सैन्यभरती चालली होती. फाबियस व्हिक्टर नांवाच्या गृहस्थाचा मुलगा मॅक्सिमिलियन यास प्रांताधिपति डिऑन याच्यापुढें उभें करण्यांत आलें. मुलाचें वय २१ वर्षें, ३ महिने व १८ दिवस. त्याची उंची मोजली. ती रोमन मापानें पांच फूट दहा इंच भरली. आतां गळ्यांत शिशाची मुद्रा अडकविली कीं तो बादशहाचा शिपाई झाला. परंतु मॅक्सिमिलियननें ती मुद्रा घेण्याचें साफ नाकारलें. आपण ख्रिस्ती आहों, आपणांस सैनिक होतां येत नाहीं, एवढेंच तो पुनःपुन्हां सांगत राहिला. प्रांताधिपतीनें बापास मुलाची समजूत घालावयास सांगितलें. बापानें तो विषय मुलाच्याच विचारावर सोपविला. तेव्हां डिऑननें बिनतोड वाटणारा मुद्दा पुढें केला : खुद्द बादशहांच्या खास पथकांत ख्रिस्ती शिपाई आहेत, ते चाकरी करतात, मग यालाच काय अडचण? मुलाचें उत्तर असें कीं, त्यांच्यासाठीं काय योग्य तें त्यांचें त्यांना ठाऊक, आपल्या हातून मात्र दुष्कृत्य होणार नाहीं. त्याच दिवशीं त्याचा शिरच्छेद झाला. भरतीसाठीं बापानें त्याला नवा पोशाख करविला होता. तो शिरच्छेद करणाऱ्या शिपायाला देऊन टाका, असें मुलानें जातांजातां बापास सांगितलें.

श्रोतेहो, त्याच्या चौकशीचा म्हणून जो लॅटिन वृत्तांत आहे, त्यांत मला विशेष लक्ष देण्याजोगा वाटतो तो डिऑनचा प्रश्न. एकाच धर्माचीं माणसें, एकाच ग्रंथास प्रमाण मानणारीं. एक शिपाईगिरी करतो, दुसरा तिच्यापेक्षां मरण पत्करतो. मग तो ग्रंथ तरी सांगतो काय? मनुष्यवधास आणि युद्धास ख्रिस्ती धर्मशास्त्राची अनुज्ञा आहे कीं नाहीं? आपल्याकडील वाचकांस हा पेंच अगदींच परका वाटूं नये. कुरुक्षेत्रावरील उपदेशांतून टिळकांनीं १९१५ सालीं 'गीतारहस्या'मध्यें काय काढलें आणि गांधींनीं १९३० सालीं 'अनासक्तियोगा'मध्यें काय काढलें, हें ज्यानें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलें आहे, त्याला एका ग्रंथाचे दोन अर्थ कसे निघतात हें सांगावयास नको.

या चर्चेचा आरंभ बहुधा दशाज्ञांपासून होतो. प्रॉटेस्टंट गणनेप्रमाणें सहावी व कॅथलिक गणनेप्रमाणें पांचवी अशी जी आज्ञा, ती मूळ हिब्रूंत अवघ्या दोन शब्दांची आहे. तींतील क्रियापदाचा धातु 'रात्साख'. मराठी बायबलांत त्यासाठीं 'खून' हा शब्द योजिला आहे. यावरून पुष्कळ पंडित म्हणतात कीं, निषेध आहे तो खुनाचा, वधमात्राचा नव्हे. युद्धांतील वधासाठीं हिब्रूंत निराळीं क्रियापदें आहेत. मुद्दा बराचसा खरा आहे, पण वाटतो तितका स्वच्छ नाहीं. 'गणना' या पुस्तकाच्या ३५ व्या अध्यायांत, ज्याच्या हातून नकळत मनुष्य मेला त्याच्यासाठींही हाच धातु येतो, आणि न्यायानें खुन्यास देहांत देण्यासाठींही एकदां येतो. तेव्हां केवळ कोशाच्या बळावर हा वाद मिटणारा नाहीं.

शिवाय ज्या नियमशास्त्रांत ही आज्ञा, त्यांतच देहांताच्या शिक्षा आहेत आणि युद्धाचे नियमही आहेत. 'अनुवाद' या पुस्तकाच्या २० व्या अध्यायांत लढाईपूर्वीं कोणास घरीं परत पाठवावें तें सांगितलें आहे : नवें घर बांधून त्यांत राहावयास न गेलेला, द्राक्षमळा लावून त्याचें फळ न चाखलेला, वाग्दान झालें पण लग्न झालें नाहीं असा, आणि ज्याच्या काळजांत धडकी भरली आहे तोही. ही माणुसकी वाचून समाधान वाटतें तोंच, त्याच अध्यायांत पुढें कनान देशांतील नगरांत एकही जीव जिवंत ठेवूं नये अशी आज्ञा येते. या दोन गोष्टी एका पानावर आहेत, आणि त्यांपैकीं एकीवर बोट ठेवून दुसरी झांकणें हें प्रामाणिकपणाचें नव्हे.

तथापि जुन्या करारांत एक तिसराही धागा आहे, व तो सहसा कोणी उलगडून दाखवीत नाहीं. 'गणना' ३१ मध्यें मिद्यानी लोकांवरील स्वारीची हकीगत आहे. स्वारी देवाच्या आज्ञेनें झालेली; तिचें वर्णन अतिशय क्रूर. पण सैन्य परत आल्यावर मोशे सांगतो कीं, ज्यानें कोणास मारलें किंवा प्रेतास स्पर्श केला, त्यानें सात दिवस छावणीबाहेर राहावें व शुद्ध व्हावें. पुढें दावीद राजाची गोष्ट येते. त्याच्या लढाया देवास मान्य होत्या. तरी पहिल्या इतिहासाच्या २२ व्या अध्यायांत त्याला मंदिर बांधण्याची मनाई होते, कारण त्यानें फार रक्त सांडलें होतें. मंदिर बांधलें तें शलमोनानें. म्हणजे युद्धाची आज्ञा मिळाली तरी हात निर्मळ राहिले असें हा ग्रंथ मानीत नाहीं. अनुज्ञा ही एक गोष्ट, शुद्धता ही दुसरी. माझ्या मतें पुढील हजार वर्षांचा इतिहास समजण्यास हा भेद ध्यानांत ठेवणें जरूर आहे.

नव्या करारांत सूर पालटतो. डोंगरावरील प्रवचनांत येशू शत्रूवरही प्रेम करावयास सांगतो. त्याला धरावयास लोक येतात तेव्हां पेत्रानें उपसलेली तरवार तो म्यान करावयास लावतो. परंतु बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई येऊन आम्हीं काय करावें असें विचारतात, तेव्हां तो त्यांना जुलूम करूं नका, पगारांत संतुष्ट राहा, एवढेंच सांगतो. चाकरी सोडा असें सांगत नाहीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल म्हणतो कीं राजसत्ता तरवार व्यर्थ धारण करीत नाहीं. पुढील सर्व पक्षांचा दारूगोळा याच चार-पांच स्थळांतून आला.

पहिल्या तीन शतकांतील ग्रंथकारांचा कल कोणीकडे होता याविषयीं फारसा संशय नाहीं. कार्थेजचा टर्टुलियन म्हणतो कीं, पेत्राची तरवार काढून घेतांना प्रभूनें प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा सोडविला. पण तोच टर्टुलियन १९७ च्या सुमारास रोमन अधिकाऱ्यांस उद्देशून लिहितो, तेव्हां आम्ही तुमच्याबरोबर जहाजांवर आहों, तुमच्या सैन्यांतही आहों, असें अभिमानानें सांगतो! वकिलाला दोन न्यायालयांत दोन बाजू मांडाव्या लागतात, त्यांतलाच हा प्रकार. ओरिजेननें २४८ च्या सुमारास अधिक गंभीर उत्तर दिलें. सर्वच ख्रिस्ती झाले तर बादशहाचें रक्षण कोण करील, असा टोला सेल्सस नांवाच्या पंडितानें मारला होता. ओरिजेन म्हणतो : तुमच्या देवळांतील पुजाऱ्यांचे हात रक्तानें विटाळूं नयेत म्हणून तुम्ही त्यांना लढाईस नेत नाहीं; मग आम्हांलाही तसेच पुजारी समजा, आम्ही प्रार्थनेनें लढतों. येथेंही प्रश्न हात स्वच्छ ठेवण्याचा आहे, हें ध्यानीं घ्यावें. शिवाय सैन्यांत देवतांस बळी व धूप अर्पण करण्याचा प्रसंग वारंवार येई. केवळ रक्ताचा नव्हे तर मूर्तिपूजेचाही त्यांना विटाळ होता.

मग काळ फिरला, आणि तो किती झपाट्यानें फिरला हें एकाच मनुष्याच्या चरित्रांत दिसतें. लॅक्टॅन्शियस हा लॅटिनचा नामांकित शिक्षक. छळाच्या दिवसांत लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, सज्जनानें सैनिक होऊं नये, इतकेंच नव्हे तर ज्यांत देहांताची शिक्षा आहे असा आरोपही कोणावर करूं नये. पुढें २८ ऑक्टोबर ३१२ रोजीं कॉन्स्टंटाइननें रोमजवळील मिल्वियन पुलापाशीं विजय मिळविला. लढाईपूर्वीं त्याला स्वप्न पडलें व त्यानें सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताचें चिन्ह काढविलें, ही हकीगत आपल्यास सांगतो कोण? तोच लॅक्टॅन्शियस. तो पुढें बादशहाच्या मुलाचा गुरु झाला. ३१४ सालीं आर्ल येथें बिशपांची परिषद भरली. तिनें शांततेच्या काळांत शस्त्र टाकून देणाऱ्यांस प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा ठराव केला. या ठरावाचा नेमका अर्थ काय याविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे; परंतु मॅक्सिमिलियनच्या मृत्यूला तेव्हां एकोणीसच वर्षें झालीं होतीं.

त्याला दोष देणें सोपें आहे. जोंवर राज्य दुसऱ्याचें होतें तोंवर सीमेवर कोण उभें राहतो याची चिंता ख्रिस्ती मनुष्यास नव्हती. राज्य अंगावर येऊन पडल्यावर ती टाळतां येईना. ऑगस्टिननें ही अडचण डोळे उघडे ठेवून अंगावर घेतली. स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं दुसऱ्यास मारणें त्याला पसंत नव्हतें. मात्र सैनिकानें किंवा अधिकाऱ्यानें इतरांच्या रक्षणार्थ, कायद्याच्या आज्ञेनें शस्त्र चालविलें तर तें पाप नव्हे, असें तो म्हणे. युद्धांतील खरें पाप त्याच्या मतें मरण नव्हे, कारण मरणार तर सर्वच. खरें पाप म्हणजे हिंसेची आवड, सूड आणि सत्तेची हांव. विचार खोल आहे. पण अंतःकरणाची शुद्धि बाहेरून मोजतां येत नाहीं, आणि प्रत्येक सेनापति आपला हेतु शुद्धच असल्याचें सांगतो. ऑगस्टिनच्याच हयातींत, पांचव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, मूर्तिपूजकांस बादशाही चाकरींत घेऊं नये असा कायदा झाला. जी चाकरी ख्रिस्ती म्हणून नाकारली, ती आतां ख्रिस्ती असल्यावांचून मिळेना!

तरी जुना धागा तुटला नव्हता. ३७५ च्या आसपास कैसरियाचा बिशप बासिल यानें लिहिलें कीं, युद्धांतील वधास आपल्या पूर्वजांनीं खून मानलें नाहीं. तरीही हात स्वच्छ नसल्यामुळें अशा माणसांनीं तीन वर्षें प्रभुभोजनापासून दूर राहावें हें बरें. मोशेच्या सात दिवसांचींच हीं तीन वर्षें. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें हेस्टिंग्ज येथें इंग्लंडचा राजा हॅरल्ड याचा पराभव केला. पोपनें त्याला आपलें निशाण पाठविलें होतें, असें समकालीन इतिहासकार सांगतो. असें असूनही नंतर पोपच्या वकिलाच्या अनुमतीनें विजयी सैन्यास प्रायश्चित्त नेमून देण्यांत आलें : आपल्या हातून माणूस मेला हें ज्याला ठाऊक, त्यानें दर माणसामागें एक वर्ष, जखमी केलेला मेला कीं नाहीं हें ठाऊक नसेल तर दर जखमीमागें चाळीस दिवस, आपला आंकडाच ज्याला सांगतां येत नाहीं, त्यानें जन्मभर आठवड्यांतून एक दिवस, नाहीं तर एखादें देवालय बांधावें. धनुर्धारी लोकांचा बाण कोठें लागला हें त्यांनाही कळत नाहीं, म्हणून त्यांच्यासाठीं निराळा नियम होता. हा कागद वाचतांना हंसूं येतें खरें, परंतु मेलेल्यांची मोजदाद करावयास जिंकणाऱ्यांनाच बसविणारी ही व्यवस्था आहे. आपल्या शतकांतील कोणत्या विजयी सैन्याला असा हिशेब कोणीं मागितला?

यानंतर तीस वर्षेंही गेलीं नाहींत. नोव्हेंबर १०९५ मध्यें फ्रान्सांत क्लेर्मों येथें पोप दुसरा अर्बन यानें परिषद बोलाविली. तिच्या एका ठरावाप्रमाणें, मानासाठीं वा धनासाठीं नव्हे तर केवळ भक्तीनें जो यरुशलेम सोडविण्यास जाईल, त्याची ती यात्राच सर्व प्रायश्चित्ताच्या ठिकाणीं धरली जाणार होती. हेस्टिंग्जला युद्धाबद्दल प्रायश्चित्त होतें. येथें युद्ध हेंच प्रायश्चित्त झालें. ग्रंथांतील एक अक्षरही बदललें नव्हतें. या स्वारीवर गेलेल्यांत त्याच विल्यमचा वडील मुलगा रॉबर्ट हाही होता. १५ जुलै १०९९ रोजीं यरुशलेम पडलें व तेथील मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची भयंकर कत्तल झाली. स्वारींतीलच एका लेखकानें लिहून ठेवलें आहे कीं, त्यानंतर ते लोक आनंदाश्रु ढाळीत ख्रिस्ताच्या समाधीच्या मंदिरांत प्रार्थनेस गेले. सात दिवस बाहेर कोणी थांबलें नाहीं.