मटक्याचा हिशेब : रुपयामागे परतावा किती?

मटका हा आकड्यांचा जुगार कापसाच्या व्यापारातून जन्माला आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद भाव मुंबईत येत व त्यांवर पैजा लागत. ती सोय बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढून जाहीर करण्याची पद्धत रूढ केली. ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे शब्द त्या बाजाराचीच खूण होत. १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये मटका गुन्हा असला तरी तो राज्यभर पसरला.

खेळात तीन अंक निघतात. त्यांना ‘पत्ती’ म्हणतात. त्यांच्या बेरजेतील शेवटचा अंक म्हणजे ‘सिंगल’. उदाहरणार्थ, १२८ या पत्तीची बेरीज ११, म्हणून सिंगल १. ओपन व क्लोजचे सिंगल मिळून ‘जोडी’ होते. भाव ठिकठिकाणी थोडे बदलतात. सर्वसाधारणपणे एका रुपयाला सिंगलवर ९, जोडीवर ९०, सिंगल पत्तीवर १४०, डबल पत्तीवर २८० आणि ट्रिपल पत्तीवर ६०० रुपये मिळतात.

एवढ्या माहितीवर परतावा काढता येतो. पास्कल व फर्मा यांनी १६५४ मधील पत्रव्यवहारात ज्याचा पाया घातला, तेच हे ‘अपेक्षित मूल्य’ : प्रत्येक निकालाची शक्यता आणि त्यावर मिळणारी रक्कम यांच्या गुणाकारांची बेरीज. संगणकासाठी रीत अगदी सोपी आहे. ००० ते ९९९ हे हजार निकाल एकामागून एक घ्यावेत, प्रत्येकाचे अंक क्रमाने लावावेत, आपली पत्ती जुळल्यास रक्कम बेरजेत मिळवावी आणि शेवटी हजाराने भागावे.

खेळणाऱ्याची फसगत येथेच होते. तक्त्यात एकूण २२० पत्त्या असतात : १२० सिंगल, ९० डबल, १० ट्रिपल. त्या सर्व समान शक्यतेच्या मानल्या, तर ट्रिपल पत्तीवर रुपयाला २ रुपये ७० पैशांहून अधिक परतावा दिसतो! परंतु १, २, ८ हे अंक सहा प्रकारे निघू शकतात, १, १, ८ तीन प्रकारे, तर ७७७ एकाच प्रकारे. म्हणून हजार निकालांत सिंगल व डबल पत्तीचा परतावा प्रत्येकी ८४ पैसे आणि ट्रिपलचा अवघा ६० पैसे येतो. साधा सिंगल किंवा जोडी ९० पैसे देते. चित्रे वगळून उरलेल्या ४० पानांतून तीन पाने काढली, तर ट्रिपलचा परतावा २४ पैशांवर घसरतो.

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात राहणाऱ्या एखाद्या कामगाराने वर्षातील ३०० दिवस रोज ५० रुपये एकाच ट्रिपल पत्तीवर लावले, अशी कल्पना करू. खर्च १५ हजार रुपये. हजार निकालांच्या हिशेबाने सरासरी परतावा ९ हजार. मात्र ही सरासरी कोणाच्याच हाती पडत नाही. असे शंभर जण असतील तर सुमारे ७४ जणांना वर्षभरात एक पैसाही मिळणार नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांना एकदा ३० हजार रुपये मिळतील, आणि वस्तीत चर्चा त्यांचीच होईल. जुन्या निकालांचे तक्ते पाहून ‘आता हाच आकडा लागणार’ असे सांगणाऱ्यांचा धंदाही त्यावरच चालतो. वास्तविक, निकाल खरोखर यदृच्छेने निघत असेल तर कालच्या आकड्याचा आजच्या आकड्याशी काहीही संबंध नसतो.

वरील सारा हिशेब आकडा निःपक्षपातीपणे निघतो या गृहीतकावर उभा आहे. चिठ्ठ्यांचा हिशेब हाती आल्यानंतर आकडा ठरविता येत असेल, तर हीच रीत चालकाच्या कामी येते. दहा सिंगलपैकी प्रत्येकावर किती देणे होईल ते काढायचे आणि सर्वांत कमी देण्याचा अंक जाहीर करायचा. सिंगलवर एकूण एक लाख रुपये लागले असून त्यांतील सर्वांत कमी पसंतीच्या अंकावर चारच हजार असतील, तर ३६ हजार वाटून ६४ हजार चालकाकडे उरतात.