सोडत : आठवड्याची आणि घटकेची

टेंभी नाक्याहून ठाणे स्टेशनकडे चालत निघाले, की पूर्वी वाटेत लॉटरीचे टेबल हमखास लागायचे. दोरीला चिमट्याने अडकवलेली रंगीत तिकिटे आणि निकालाचा मळका कागद, एवढाच त्याचा संसार. पुढे टेबलाच्या जागी गाळा आला आणि दोरीच्या जागी पडदा. मला हा नुसता यंत्राचा बदल वाटत नाही.

महाराष्ट्राची लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. केरळची त्याआधी, १९६७ मध्ये. मी तेव्हा कॉलेजात होतो. आपल्याकडे कारण होते मटका. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे भाव मुंबईत यायचे, त्यांच्या आकड्यांवर सट्टा चाले. ते बंद झाल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी इथेच आकडे काढायला सुरुवात केली. ('कल्याण मटका' हा आपल्या कल्याणचा नव्हे बरे, तो कल्याणजींचा!) लोक खेळणारच, तर पैसा निदान सरकारी तिजोरीत यावा, असा तो हिशेब.

गंमत अशी, की जुगाराचा विषय घटनेने राज्यांकडे दिला आणि सरकारी लॉटरीचा केंद्राकडे. म्हणून १९९८ चा लॉटरी कायदा संसदेने केला. त्यात दोन अटी मोलाच्या होत्या : एका अंकावर बक्षीस नको, आणि एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत नको. ज्याने हे लिहिले त्याला मटका नीट कळला होता. तिकीट घेणारा हमाल आठवडाभर आशेवर काम करतो. आकडा लावणारा संध्याकाळपर्यंत कामच करत नाही.

१९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या राज्याला दुसऱ्या राज्याची लॉटरी बंद करता येणार नाही. आपण आपली ठेवली, म्हणजे सिक्कीमसारख्या राज्यांना दार उघडेच राहिले. दोनतीन वर्षांत त्या दारातून ऑनलाइन यंत्रे आली. योजनांची नावे वेगवेगळी ठेवली, की प्रत्येकीची सोडत आठवड्यातून एकदाच, आणि गाळ्यातल्या पडद्यावर मात्र दर पंधरा मिनिटांनी निकाल! २०१० च्या नियमांनी एका राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला २४ सोडतींची मर्यादा घातली. दिवसाला चोवीस. मर्यादा म्हणायची ती हीच.

गाळेवाल्यावर माझा तितका राग नाही. भाडे त्याचे, वीज त्याची, नोकर त्याचा. मिळणार ते विक्रीवरचे कमिशन. गिऱ्हाईक उठून गेले की नुकसान त्याचे. मग तो चहा मागवतो, मागचे निकाल तक्त्यावर मांडून ठेवतो, म्हणजे बसलेल्याला 'आता हा आकडा येणारच' असे वाटावे. मी गणित शिकवत नव्हतो, मराठी शिकवत होतो, पण त्या तक्त्यासमोर माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील बसलेले पाहिले, की खडू घेऊन आत शिरावेसे वाटे. वहीसाठी पैसे नाहीत म्हणून मूल उभे राही, ते याच घरांतले.

आता कराचे बघा. १ मार्च २०२० पासून सगळ्या लॉटऱ्यांवर २८ टक्के जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर छापील तिकिटावर. निकाल पडद्यावरचाच घेऊन, पण पैज कोऱ्या चिठ्ठीवर लिहून घेणाऱ्याला यातला एक पैसाही भरावा लागत नाही. ती चिठ्ठी १८८७ च्या जुगार कायद्याखाली गुन्हा आहे. खेळणाऱ्याला मात्र दोन्हीकडे तोच पडदा दिसतो आणि चिठ्ठीवाला वर थोडे जास्तच देऊ करतो.